दूधसागर कोकण रेल्वेवर नाही

पाऊस सुरू झाला की पुण्यात हे हमखास कानावर येतं: "कोकण रेल्वेने जाऊ, खिडकीतून समुद्र बघू, वाटेत दूधसागर धबधबा लागेलच, आणि मडगावला उतरू." यातलं मडगाव तेवढं बरोबर आहे.

शनिवार-रविवारी गोव्याला जाणाऱ्यांचं ठीक आहे, त्यांना गाडीत झोपायचंच असतं. पण नोकरीतून चार-सहा महिने मोकळे होऊन, पाठीवर सॅक टाकून किनाऱ्याने थेट केरळपर्यंत जायला निघालेली मंडळीही याच समजुतीवर तिकिटं काढतात. त्यांच्यासाठी रेल्वे ही सोय नसते, तोच प्रवास असतो. म्हणून एकदा नीट सांगतो.

पुण्याहून मडगावला रेल्वेच्या दोन वाटा आहेत. एक लोणावळा, कर्जत, पनवेल आणि तिथून रोह्यापुढे कोकण रेल्वे: चिपळूण, रत्नागिरी, कुडाळ. ही सगळ्यांना ठाऊक आहे. नद्या, बोगदे, २६ जानेवारी १९९८ला सुरू झालेली सलग वाहतूक, ती उभारणारे श्रीधरन साहेब, हे सगळं शाळेच्या निबंधातही येऊन गेलंय, त्यामुळे पुढे जाऊ. दुसरी वाट सातारा, मिरज, बेळगाव, लोंढा, कॅसल रॉक, कुळे. मिरजेपर्यंत ही मध्य रेल्वे, पुढचा भाग दक्षिण पश्चिम रेल्वेचा. कोकण रेल्वेचा त्याच्याशी संबंध फक्त मडगावला येतो, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. दोन्हीकडून गेलेला माणूस त्याच फलाटावर उतरतो आणि घरी येऊन 'गोव्याला रेल्वेने गेलो' एवढंच सांगतो.

खरा फरक एकच आहे, आणि तो लक्षात आला की बाकीचं पाठ करावं लागत नाही. तुम्ही सह्याद्री कुठे उतरता?

पनवेलच्या वाटेने तुम्ही पुणं सोडल्यावर थोड्याच वेळात, खंडाळ्याला, बोरघाटात उतरता. म्हणजे घाट सुरुवातीलाच संपला. पुढचा सगळा दिवस गाडी डोंगराच्या पायथ्याने धावते आणि सह्याद्री डाव्या हाताला भिंतीसारखा उभा असतो. मिरजेच्या वाटेने याच्या बरोबर उलट. कराड गेलं, सांगली गेली, बेळगाव गेलं तरी तुम्ही देशावरच असता. बाहेर ऊस, मग लोंढ्याकडे जंगल. आणि मग कॅसल रॉक ते कुळे या जेमतेम २६ किलोमीटरमध्ये गाडी अख्खा घाट एकदम उतरते. चढ सदतिसास एक, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. उलट दिशेने येणाऱ्या गाडीला कुळ्याला मागून बँकर, म्हणजे ढकलणारी जादा इंजिनं जोडतात, तेव्हा ती वर चढते. हा मार्ग पोर्तुगीज काळातला, मुरगाव बंदरासाठी १८८०च्या दशकात काढलेला. कोकण रेल्वेपेक्षा शंभरेक वर्षांनी थोरला.

दूधसागर ३०० मीटरहून उंच आहे आणि घाटमाथ्यावरून खाली कोसळतो. तो दिसायचा तर गाडी तिथेच घाट उतरत असायला हवी. रत्नागिरीहून आलेली गाडी केव्हाच खाली उतरलेली असते. तिला तो कुठून दिसणार? धबधब्यासमोरच्या पुलावरून जाणाऱ्या गाडीचा जो फोटो सगळ्या ग्रुपवर 'कोकण रेल्वेचं सौंदर्य' म्हणून फिरतो, तो या लोंढ्याच्या मार्गावरचा आहे. दर पावसाळ्यात तो फोटो मला येतो आणि दर पावसाळ्यात मी हेच लिहितो.

(तिथे उतरायला मनाई आहे. जुलै २०२३मध्ये रुळांवर उतरलेल्या ट्रेकरना रेल्वे पोलिसांनी उठाबशा काढायला लावल्या होत्या. खिडकीतून बघा.)

आता समुद्र. पनवेलला उजवीकडच्या खिडकीसाठी भांडणारे लोक पाहिले की गंमत वाटते. महाराष्ट्रातल्या टप्प्यात कोकण रेल्वेवरून समुद्र जवळपास दिसतच नाही. नद्या समुद्राशी पोचेपर्यंत रुंद खाड्या होतात, म्हणून रूळ आत, नदी अरुंद असते तिथून नेले आहेत. साधी खूण: मालवणला, गुहागरला, गणपतीपुळ्याला स्टेशन नाही. रत्नागिरीचं स्टेशनसुद्धा गावापासून आत आहे. पावसाळ्यात मडगावपर्यंत डावीकडे बसा, धबधबे तिकडे आहेत. उजवी खिडकी मडगावनंतर घ्या. कारवारजवळ काळी नदी, मग गंगावळी, अघनाशिनी, आणि होन्नावरला शरावती, जिचा पूल दोन किलोमीटरहून लांब आहे. किनाऱ्याची रेल्वे म्हणून मनात जे चित्र असतं ते कर्नाटकातल्या या खाड्यांवर भेटतं. तो टप्पा रात्री झोपून काढणाऱ्याने सुट्टी कशाला घेतली, कळत नाही.

तिकीट काढताना गाडीच्या नावावर जाऊ नका. गोवा एक्सप्रेस पुण्यावरून जाते, नावात गोवा आहे, पण ती लोंढ्यावरून जाते. पुण्याहून केरळला जाणाऱ्या गाड्याही दोन्ही वाटांनी आहेत. मधली स्टेशनं उघडून बघा. पनवेल आणि रत्नागिरी दिसलं तर कोकण. मिरज आणि लोंढा दिसलं तर दूधसागरचा घाट.

माझं मत विचाराल तर जाताना कोकण, येताना लोंढा. सकाळी पनवेल गाठून मुंबईहून येणारी मांडवी एक्सप्रेस पकडा, ती दिवसाउजेडी जाते आणि खायला बरं मिळतं. हातात महिने असतील तर त्याहून बरं म्हणजे दिवा–सावंतवाडीसारखी हळू गाडी. एकेरी मार्गावर क्रॉसिंगला थांबेल, थांबू द्या. वंदे भारत वेळ वाचवायला उत्तम, पण न उघडणाऱ्या काचेआडून पाऊस बघण्यात मला रस नाही. स्लीपरची उघडी खिडकी, शर्टाची बाही भिजली तरी चालेल.

परतीला गोवा एक्सप्रेसच घ्या. पुण्याकडून जाताना ती घाटात अंधारात असते, दूधसागरचा नुसता आवाज. वास्कोहून मात्र ती दुपारी सुटते आणि उजेड असतानाच घाट चढते. पुण्यात पोचते भल्या पहाटे, त्यामुळे स्टेशनबाहेर रिक्षावाल्याशी मीटरवरून वाद घालायची तयारी ठेवा, किंवा पहिल्या पीएमपी बसची वाट बघत चहा घ्या.