तेल-पाणी विलगीकरणाचे नॅनोतंतू पटल

साधारण शंभर ते हजार नॅनोमीटर जाडीचे बहुवारिकाचे (पॉलिमरचे) तंतू, न विणता, एकावर एक साचू देऊन केलेला पातळ थर. तेलकट सांडपाणी गाळण्यासाठी तो वापरतात.

पाण्यावर तरंगणाऱ्या तेलाला इतक्या बारीक जाळीची गरज नाही. टाकीत पाणी संथ ठेवले की १५० मायक्रोमीटरहून मोठे थेंब आपोआप वर येतात. खरी अडचण पायसाची (इमल्शनची) आहे. पाण्यात डिटर्जंट किंवा यंत्रशाळेतले कूलंट मिसळले की तेलाचे २० मायक्रोमीटरहूनही बारीक थेंब होतात आणि ते एकमेकांत मिसळत नाहीत. असे दुधाळ पाणी दिवसेंदिवस ठेवले तरी निवळत नाही. भारतात नदी-नाल्यात सोडायच्या सांडपाण्यात तेल व ग्रीस लिटरमागे १० मिलिग्रॅमपर्यंतच चालते. ही मर्यादा गाठताना घोडे अडते ते इथेच.

हे पटल बहुधा इलेक्ट्रोस्पिनिंगने करतात. अँटोन फॉर्महाल्स यांना या पद्धतीचे अमेरिकी पेटंट १९३४ मध्ये मिळाले. पॉलिअ‍ॅक्रिलोनायट्राइलसारखे बहुवारिक द्रावकात विरघळवून सिरिंजमध्ये भरतात आणि सुई व समोरचा धातूचा ड्रम यांच्यामध्ये १० ते ३० किलोव्होल्ट विद्युतदाब देतात. सुईच्या टोकावरचा थेंब शंकूसारखा ताणला जातो, त्यातून धार सुटते, ती गरगरत लांबत जाते, द्रावक वाटेतच उडतो आणि ड्रमवर पांढरा थर जमतो. त्यातला ८० टक्क्यांहून अधिक भाग पोकळ असतो आणि छिद्रे आतून एकमेकांना जोडलेली असतात. म्हणून पुष्कळदा नुसत्या पाण्याच्या वजनानेही गाळण होते.

छिद्र लहान असून भागत नाही, कारण तेलाचा थेंब दाबाखाली चेपून निसटतो. त्यासाठी तंतू जलस्नेही करतात. त्यांच्यावर पाण्याची साय धरते आणि तेलाला टेकायला जागा उरत नाही. माशाचे खवले पाण्याखाली तेल चिकटू देत नाहीत ते याच कारणाने. उलट तेलस्नेही पटलावर पाणी, तेलाहून जड असल्याने, तळाशी बसून वाट अडवते. तेलातले थोडे पाणी काढायला मात्र तेच पटल सोयीचे पडते.

प्रयोगशाळेतले आकडे पाहताना सावध राहावे. तिथे बरेचदा तेल म्हणून शुद्ध हेक्झेन किंवा टोल्यूइन या द्रवांचे ताजे पायस वापरतात. कारखान्याच्या पाण्यात गाळ, क्षार आणि जिवाणूही असतात, छिद्रे बुजतात आणि प्रवाह झपाट्याने घटतो. थर नाजूक असल्याने त्याला जाड कापडाचा आधार द्यावा लागतो. एका सुईतून तासाला ग्रॅमभर तंतूही मुश्किलीने निघतात, म्हणून उद्योगात अनेक सुयांची किंवा बिनसुईची यंत्रे लागतात. पॉलिअ‍ॅक्रिलोनायट्राइलसाठी नेहमी वापरला जाणारा डायमिथाइल फॉर्मामाइड हा द्रावक यकृताला घातक आहे. तो हवेत न सोडता परत पकडण्याची सोय कारखान्यात हवीच.