पत्र्याखालचे ३७ अंश

"पत्र्याला हात लावू नका दादा, चटका बसेल," असं मावशी म्हणेपर्यंत मी हात लावून मोकळा झालो होतो. दिघ्यातली त्यांची खोली, तिचा पोटमाळा, मे महिन्यातली दुपार. पत्रा डोक्यावर जेमतेम वीतभर. त्यावर सकाळी भिजवून टाकलेलं गोणपाट कडकडीत वाळलेलं. मोबाइल मात्र ३५ अंश दाखवत होता.

आकडा खोटा नव्हता, फक्त या खोलीचा नव्हता. हवामान खात्याचा तापमापक मोकळ्या जागी, झडपांच्या पांढऱ्या पेटीत, सावलीला असतो. हवेचं तापमान मोजायचं तर ते बरोबरच आहे. पण पोटमाळ्यावरच्या माणसाला नुसती हवा भाजत नाही. तापलेला पत्रा शेकोटीसारखी अवरक्त किरणं खाली सोडत राहतो. त्यात ठाण्याची खाडी जवळ. दमट हवेत घाम सुकत नाही, आणि घाम सुकला नाही की अंग निवत नाही. किनाऱ्यावर उष्णतेची लाट जाहीर करायला पारा किमान ३७ अंशांवर जावा लागतो. पत्र्याखाली तो उंबरठा किती वेळा ओलांडला जातो, ते कुणी मोजत नाही.

ऊन सगळ्यांना सारखंच, असं आपण सहज म्हणतो. अमेरिकेत १९३०च्या दशकात एका सरकारी कर्जसंस्थेने शहरांचे नकाशे रंगवून घेतले. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या बहुतेक लाल रंगात, म्हणजे कर्ज द्यायला धोक्याच्या. घरांच्या व्यवहारातला हा भेदभाव १९६८ साली कायद्याने बंद झाला, नकाशे कपाटात गेले. पुढे संशोधकांनी १०८ शहरांच्या उपग्रह-नोंदी त्या नकाशांवर ठेवून पाहिल्या आणि २०२० साली निष्कर्ष छापले. तब्बल ९४ टक्के शहरांत लाल भागातली जमीन जास्त तापत होती, सरासरी २.६ अंशांनी. कारण साधं आहे. तिथे झाडं कमी, डांबर आणि काँक्रीट जास्त. झाड सावली तर देतंच, शिवाय पानांतून पाणी उडवून भोवतालची उष्णता खर्ची घालतं. डांबर दिवसभर ऊन साठवतं आणि रात्री परत देतं.

आपल्याकडे असा नकाशा कुणी काढला नाही. मला वाटतं, गरजच पडली नाही. ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखान्यांच्या कुंपणाला आणि डोंगराच्या कडेला कुणी झोपडी बांधायची, ते दुष्काळाने, जातीने आणि खिशाने आधीच ठरवलं होतं.

उपाय होत नाहीत असं नाही. ठाणे महापालिकेने २०२४ साली उष्णता कृती आराखडा आणला. पण सगळीकडे मिळणारा तो ठरलेला सल्ला, 'दुपारी घराबाहेर पडू नका', मावशींना सांगून पाहिला. त्या हसल्या. दुपारी त्यांच्या आळीतल्या बायका घराबाहेरच असतात, पिंपळाखाली. आणि एसी? तो खोलीतली उष्णता उचलून गल्लीत टाकतो, वर स्वतःच्या मोटारीची भर घालतो.

त्यापेक्षा पांढरा रंग बरा. गंजका पत्रा ऊन शोषतो, आणि नवा कोरा पत्रा चकाकत असला तरी तापल्यावर स्वतःची उष्णता सहजी बाहेर टाकत नाही. उन्हं परतवणारा पांढरा रंग दोन्ही कामं करतो: बरंचसं ऊन परत पाठवतो आणि उरलेली उष्णता आकाशाकडे सोडतो. धुळीने काळवंडला की पुन्हा हात मारावा लागतो, एवढंच.

मावशींना हे पटलं. मग त्या म्हणाल्या, "पण पत्रा शेठचा आहे. मी रंग लावला, तर भाडं वाढवेल."