सन्मानचिन्ह मखमली पेटीतून बाहेर काढा
(संस्था, शाळा, वाचनालये आणि लहान संग्रहालये यांच्यासाठी माहितीपत्रक)

सत्काराच्या वेळी सन्मानचिन्ह ज्या मखमली पेटीतून देतात, ती आम्हीही बनवतो. पण ती व्यासपीठापुरती असते. हार-तुरे झाले, फोटो निघाले की तिचं काम संपलं. चिन्ह संग्रहात दाखल करून पुढच्या पिढीपर्यंत टिकवायचं असेल, तर आधी ते त्या पेटीतून बाहेर काढावं. ग्राहकांना हे पटकन पटत नाही, कारण पेटी दिसायला देखणी असते.

पेटीचा सांगाडा बहुधा एमडीएफचा, म्हणजे लाकडाचे तंतू चिकटद्रव्याने दाबून केलेल्या फळीचा असतो. आत स्पंज, वर रंगीत मखमल आणि सगळं चिकटवायला सोल्युशन. एमडीएफमधून आणि कच्च्या लाकडातून आम्लाची वाफ हळूहळू सुटत राहते. झाकण लावलं की ती आतच कोंडते आणि शिसं, पितळ खाऊ लागते. चांदीचा मुलामा काळा पडतो तो गंधकामुळे, आणि गंधक लोकरी कापडातून, रबरातून येतं. मानपत्राची गुंडाळी आणि चिन्ह एकत्र राहावं म्हणून रबर बँड लावतात, तो काढल्यावरही त्याची काळी रेघ मुलाम्यावर तशीच राहते. स्पंज काही वर्षांनी चिकट होतो, मग त्याचा भुगा होऊन कोरलेल्या अक्षरांत बसतो.

धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळासारख्या (स्थापना १९२७) संस्थेमुळे जुने कागद जपायची जाण खानदेशात आहे. सन्मानचिन्हाची अडचण वेगळी. एकाच वस्तूत लाकूड, पितळ, अ‍ॅक्रिलिक, काच आणि डिंक असतो, आणि एकाला मानवतं ते दुसऱ्याला मानवत नाही. निव्वळ धातूला ४० टक्क्यांखालची आर्द्रता बरी, पण तेवढ्या कोरड्या हवेत लाकूड आकसतं, तडकतं. म्हणून मिश्र वस्तूंना ४५ ते ५५ टक्के धरावे, आणि आकड्यापेक्षा तो स्थिर राहतोय का ते पाहावं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, दुहेरी टेप सुटते, अक्षरं गळून पडतात. त्यावर उपाय म्हणून खोलीत कूलर लावला, तर तो पाण्याची ओली हवाच आत फेकतो. दुपारी दमट, रात्री बंद केला की पुन्हा कोरडं. संग्रहाच्या खोलीत कूलर नकोच. पंखा चालेल. पत्र्याच्या छताखालची खोलीही टाळा, त्यापेक्षा जुन्या धाब्याच्या घराची मधली खोली बरी, फक्त गळत नाही ना आणि वाळवी नाही ना ते बघून घ्या.

आता सफाईबद्दल, कारण खरं नुकसान इथेच होतं. पितळ चकचकीत करायला चिंच, लिंबू, राख किंवा बाजारची पावडर वापरू नका. प्रत्येक घासणीत धातूचा थर जातो, मुलामा असेल तर खालचं पितळ उघडं पडतं आणि अक्षरांच्या खाचेत पांढरी पूड वाळून बसते. काळपटपणा म्हणजे घाण नव्हे, तो राहू द्या. मऊ ब्रशने धूळ झटकली की पुरे. अ‍ॅक्रिलिकवर स्पिरिट लावू नका, त्यात बारीक तडे जातात. हात लावताना नायट्राइलचे हातमोजे घाला. सुती मोज्यातून काच निसटते, आणि घामाचा ठसा पितळेवर कायमचा उठतो.

स्क्रूभोवती फिकट हिरवी भुकटी दिसली, तर पाण्याने पुसायला जाऊ नका. ती वस्तू वेगळी, कोरड्या डब्यात सिलिका जेलसोबत (ओल शोषणारे दाणे) ठेवा आणि जाणकाराला दाखवा. जेल नारिंगी रंगाचं घ्या, निळ्यात आरोग्याला घातक कोबाल्ट असतं. लाकडाखाली पिठासारखा भुसा पडलेला दिसला तर भुंगा लागलाय. तेही चिन्ह लगेच बाजूला काढा. डांबराच्या गोळ्या मात्र टाकू नका, त्यांची वाफ काही प्लास्टिकला मऊ करते.

चिन्ह आडवं ठेवा, पण एकावर एक रचू नका. खाली पॉलिथिलीन फोम, वर आम्लमुक्त टिश्यू, बाहेर आम्लमुक्त पुठ्ठ्याची किंवा पॉलिप्रोपिलीनची पेटी. पीव्हीसीची पिशवी आणि वर्तमानपत्र वर्ज्य. कपाट पावडर कोटिंग केलेलं लोखंडी, बाहेरच्या भिंतीपासून सुटं, खालचा कप्पा जमिनीपासून चार इंच वर. नोंद क्रमांक चिकटपट्टीवर लिहू नका, सुती दोऱ्याची चिठ्ठी बांधा. दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा. मागची बाजू हमखास राहून जाते, आणि कारागिराचा शिक्का तिथेच असतो.

आमच्याकडे पेटी सांगताना लांबी, रुंदी आणि सगळ्यात फुगीर ठिकाणची जाडी कळवा. मागे हुक किंवा पाय असेल तर तोही जाडीत धरा.