मामा तलाव उथळ का बांधले?

भंडारा-गोंदियात पावसाची कमतरता नाही. वर्षाला साधारण १,३०० मिलिमीटर पाऊस पडतो. तरीही अनेक वर्षी हाताशी आलेला धान पाण्यावाचून जातो, कारण हा पाऊस चार महिन्यांत, त्यातही मोजक्या दिवसांत कोसळतो. रोवणी, म्हणजे धानाची लावणी, कशीबशी होते. खरी कसोटी लागते ती सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये, लोंब्या बाहेर पडतात तेव्हा. फुलोऱ्याच्या दिवसांत बांधी (बांध घातलेलं धानाचं शेत) कोरडी पडली की परागीभवन नीट होत नाही आणि दाणा पोचट राहतो. त्या वेळी एक-दोन पाणी मिळालं तर पीक तरतं.

पूर्व विदर्भातले जुने तलाव, म्हणजेच मामा तलाव, नेमक्या या एक-दोन पाण्यांसाठी बांधले गेले. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत असे ६,५०० हून अधिक तलाव आहेत. त्यांतले बरेचसे कोहळी समाजाच्या लोकांनी गोंड राजांच्या काळात बांधले. जो तलाव बांधेल त्याला त्या तलावाखाली भिजणारी जमीन, अशी राजाची मुभा होती असं परंपरेने सांगितलं जातं. नवेगाव बांधचा मोठा तलावही कोलू पाटील कोहळी यांनी बांधल्याचं सांगतात. पुढे इंग्रजी अमलात गावं मालगुजारांच्या, म्हणजे सारा भरणाऱ्या जमीनदारांच्या, मालकीची झाली आणि त्यांच्यासोबत तलावही. माजी मालगुजारी तलाव, थोडक्यात मामा तलाव, हे सरकारदरबारी रूढ झालेलं नाव तिथून आलं.

तलावाची रचना दिसायला साधी आहे. दोन टेकड्यांमधली किंवा उताराची खोलगट जागा हेरायची, खालच्या अंगाला मातीची पाळ घालायची आणि एका कडेला जास्तीचं पाणी जाण्यासाठी सलंग ठेवायची. ही सलंग म्हणजे तलावाचा जीव. मातीच्या पाळीवरून एकदा पाणी वाहू लागलं की माती धुपत जाते आणि बघता बघता खिंडार पडतं. म्हणून सलंगीची उंची पाळीच्या माथ्यापेक्षा बरीच कमी असते. सलंगीवरून सुटलेलं पाणी वाया जात नाही. ते खालच्या तलावात किंवा बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, उतरतं, तिथून आणखी खालच्या. एकाच नाल्यावर अशी साखळी असली की वरच्या तलावाचा झिरपा खालच्या शिवारालाही मिळतो.

पाणी शेतात सोडायची जागा म्हणजे तुडुम. अनेक जुन्या तुडुमांत पाळीच्या आतल्या उतारावर पायऱ्यांसारखी एकाखाली एक भोकं असत आणि त्यांत लाकडी खुंट्या ठोकलेल्या असत. पातळी उतरेल तशी वरून एकेक खुंटी काढायची. यात पदार्थविज्ञान आहे. भोकातून सुटणाऱ्या पाण्याचा वेग त्यावरच्या पाण्याच्या उंचीच्या वर्गमुळावर ठरतो. चार मीटर खोलीवरच्या भोकातून पाणी सेकंदाला सुमारे ९ मीटर वेगाने निघतं, एक मीटरवरच्या भोकातून त्याच्या निम्म्या वेगाने. सतत वरचंच भोक वापरलं की पाण्याचा जोर कमी राहतो, पाटाची माती खणली जात नाही आणि खुंटी माणसाच्या हाताने निघते. ती कोणी, कधी काढायची हे पाणकर ठरवायचा. गावाने नेमलेला हा माणूस शेवटच्या बांधीपर्यंत पाणी पोचवायला जबाबदार असे.

आता उथळपणाचा प्रश्न. हिशेबाने पाहिलं तर उथळ तलाव तोट्याचा वाटतो: पसरट पाणी, मोठा पृष्ठभाग, बाष्पीभवन जास्त. पण तलाव उन्हाळाभर भरलेला राहावा अशी अपेक्षाच नव्हती. हिवाळ्यापासून पाणी मागे सरकू लागलं की मंद उताराची ओली जमीन उघडी पडते. त्यावर गवत येतं, गुरं चरतात, काही ठिकाणी गाळपेर, म्हणजे ओल्या गाळात पेरणी, होते. काठच्या उथळ पाण्यात तळापर्यंत ऊन पोचतं, म्हणून तिथे पाणवनस्पती वाढतात. तिथेच देवधान (रानटी भात) उगवतं, मासे अंडी घालतात, पिल्लं लपतात. ढीवर या मच्छीमार समाजाची मासेमारी याच पट्ट्यावर चालते. महाराष्ट्रातले जवळपास सगळे सारस याच भागात उरले आहेत, आणि ते घरटं बांधतात उथळ पाण्यात किंवा धानाच्या बांधीत. खड्या काठाचा खोल तलाव पाणी जास्त धरेल, पण यातलं जवळपास काहीच देणार नाही.

१९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले. जमीनदारी संपणं न्यायाचंच होतं. मात्र तलावांची राखण कोण करणार, याचं उत्तर त्या बदलात नीट सापडलं नाही. लहान तलाव जिल्हा परिषदेकडे आणि मोठे पाटबंधारे विभागाकडे गेले, पाणकर मागे पडला, पाळीवर झाडं माजली. मूळची अमेरिका खंडातली बेशरम ही झुडपी वनस्पती काठाकाठाने पसरली आणि देशी वनस्पतींची जागा खाऊन बसली. भर म्हणून काही तलावांत गवत्या मासा (ग्रास कार्प) सोडला गेला. तो पाणवनस्पतीच फस्त करतो, त्यामुळे स्थानिक माशांचा आसरा गेला. अर्जुनी मोरगाव परिसरात ढीवर स्त्री-पुरुषांनी बेशरम उपटून, तळ नांगरून देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या आहेत. माझ्या मते मामा तलावांवरचं आजचं सर्वांत मोलाचं काम हेच.

गाळ काढायलाच हवा, यात वाद नाही. तो शेतात गेला तर बांधीचा कस वाढतो. पण यंत्राने सरसकट खोल खणलं तर दोन नुकसानं होतात. काठाचा मंद उतार नाहीसा होतो. आणि तळाशी शतकानुशतकं बसलेला चिकणमातीचा थर फुटला तर पाणी झिरपून तलाव लवकर रिकामा होतो. म्हणून आधी ठिकठिकाणी चाचणी खड्डे घेऊन गाळाची जाडी मोजावी, चिकणमातीच्या बरंच वर थांबावं आणि काठचा पट्टा सोडून मधल्या भागातलाच गाळ उचलावा. पाळीच्या पायथ्याशी तर मुळीच खणू नये, कारण तिथली माती गेली की पाळीचा आधार सुटतो.