खाडा की रजा? साथीतल्या पगाराची पार्श्वभूमी

मस्टरवर दिवसाची नोंद मोजक्याच प्रकारांनी होते: हजर, सुट्टी, रजा, नाहीतर खाडा. २०२० साली, कोरोनाच्या साथीत, त्या मस्टरपुढे एक वेगळाच कामगार येऊन उभा राहिला. तो आजारी नव्हता, सुट्टीवर नव्हता, कामावर यायला तयार होता. पण घराबाहेर पाय टाकला तर गुन्हा दाखल होईल अशी त्याला ताकीद होती. शेजारच्या मशीनवरचा माणूस बाधित निघाला, म्हणून याला चौदा दिवस घरात बसायचे होते. हे चौदा दिवस कोणत्या रकान्यात लिहायचे? कोकणात लोटे-परशुरामपासून कुडाळपर्यंतच्या औद्योगिक वसाहतींत काम करणाऱ्यांना आणि मुंबईत नोकरी करून गावी घर राखणाऱ्यांना साथीने घातलेला हा मूळ पेच होता. भरपगारी आजारपणाच्या रजेची चर्चा त्यानंतर पुष्कळ झाली, पण ती बहुतेक वेळा आजारी पडलेल्यांबद्दलच झाली.

कोकणाला हा पेच नवा नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा गिरण्यांतले कितीतरी हात रत्नागिरी जिल्ह्यातले होते (सावंतवाडी संस्थानाचा भाग सोडून आजचा सिंधुदुर्ग त्यातच धरायचा), आणि ते मिळेल त्या गलबताने, आगबोटीने गावी परतले. उरलेल्यांना टिकवण्यासाठी गिरण्यांना रोजच्या रोज मजुरी देण्याची वेळ आली. त्याच धांदलीत, फेब्रुवारी १८९७ मध्ये, साथरोगांचा कायदा झाला. प्रवाशांची तपासणी करण्याचा, संशयितांना वेगळे ठेवण्याचा अधिकार सरकारला मिळाला. खर्च कोणी सोसायचा हे ठरवण्याची मुभाही त्यात आहे, आणि तिथेच कंसात भरपाईचा उल्लेख आहे: ‘असल्यास’. मजुरीचा शब्द नाही. १९१८ च्या इन्फ्लुएन्झात हाच कायदा होता, आणि २०२० च्या मार्चमध्ये महाराष्ट्राने लागू केला तोही हाच.

आजारपणात पैसे मिळण्याची खरी सोय आली ती १९४८ च्या राज्य कामगार विमा कायद्याने. १९५२ साली कानपूर आणि दिल्लीत सुरुवात झाली, १९५४ साली मुंबईत. गिरणगावातल्या कोकणी घरांत ‘ईएसआय’ हा या विम्याचा इंग्रजी शब्द तेव्हापासून आहे. दवाखाना, चिठ्ठी, मग भत्ता. पण योजना देशभर एका दिवसात लागू झाली नाही, एकेका भागासाठी अधिसूचना निघत गेल्या. त्यामुळे एकाच घरातल्या परळच्या भावाला विमा आणि गावच्या भावाला काही नाही, हे चित्र कित्येक वर्षे राहिले. हंगामी कारखाने तर मूळ कायद्यातच वगळलेले.

साथ आली तेव्हाचे या विम्याचे नियम असे होते. पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत असावा, कारखान्यात किमान दहा माणसे असावीत. सहा महिन्यांच्या वर्गणीकाळात ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी. मग वर्षात ९१ दिवसांपर्यंत सरासरी रोजाच्या ७० टक्के भत्ता मिळतो, आणि सहसा पहिले दोन दिवस कोरडे जातात. म्हणजे याला भरपगारी रजा म्हणणेच चुकीचे आहे. तो विमा आहे आणि पगारापेक्षा कमी आहे. वर्गणीचा काळ आणि लाभाचा काळ यांच्यात तीन महिन्यांचे अंतर असते. एप्रिल ते सप्टेंबर २०२० या काळात भरलेल्या वर्गणीवर जानेवारी ते जून २०२१ चा हक्क ठरायचा. पहिल्या टाळेबंदीतले बिनपगारी दिवस ७८ च्या हिशेबात येत नाहीत, आणि त्या हिशेबावर ज्या काळाचा हक्क अवलंबून होता त्याच काळात दुसरी लाट आली.

खरी गाठ आहे ती या विमा कायद्यातल्या ‘आजारा’च्या व्याख्येत. जिला वैद्यकीय उपचार आणि देखभाल लागते आणि जिच्यामुळे वैद्यकीय कारणासाठी कामापासून दूर राहावे लागते, अशी अवस्था म्हणजे आजार. दोन अटी, आणि त्यांच्यामध्ये ‘आणि’. बाधित निघालेला कामगार दोन्हींत बसतो. त्याच्या संपर्कात आलेला, खोकलासुद्धा नसलेला कामगार दुसऱ्या अटीत बसतो, पहिलीत नाही. त्याला औषध नको आहे, फक्त घरात बसायचे आहे. त्यातच मराठीत ‘विलगीकरण’ हा एकच शब्द बाधिताला वेगळे ठेवण्यासाठीही वापरला गेला आणि धडधाकट माणसाला खबरदारी म्हणून अडकवण्यासाठीही. काही परिपत्रकांत दुसऱ्यासाठी ‘अलगीकरण’ असे होते, पण ते फारसे रुळले नाही. लोक दोन्हींना क्वारंटाईन म्हणत. पगाराच्या दृष्टीने मात्र यांत जमीन-अस्मानाचा फरक होता. इतर कायद्यांतही या माणसाला थारा नव्हता. कारखान्यांच्या तेव्हाच्या कायद्यात आजारपणाची वेगळी रजाच नव्हती. २४० दिवस भरले की वीस दिवसांमागे एक दिवसाची पगारी रजा, एवढेच. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापनांच्या कायद्यात, तेव्हा दहा आणि जास्त माणसे असतील तिथे, वर्षाला आठ दिवस नैमित्तिक रजा होती.

या पार्श्वभूमीवर २९ मार्च २०२० चा केंद्राचा आदेश पाहावा लागतो. टाळेबंदीत बंद असलेल्या आस्थापनांनीही कपात न करता, ठरल्या तारखेला पगार द्यावा, असे त्यात होते. दोनच दिवसांनी राज्यानेही घरी राहावे लागलेले कामगार, कंत्राटी आणि रोजंदारीवरचे धरून, कामावर हजर समजावेत असा निर्णय काढला. अनेकांनी याला ‘कोरोनाची रजा’ म्हटले, पण ती रजा नव्हती. ‘हजर समजणे’ म्हणजे रजेच्या खात्याला हातही न लावता पूर्ण रोज, आणि कामगाराच्या बाजूने पाहिले तर रजेपेक्षा कितीतरी मोठी गोष्ट. ती टिकली नाही. केंद्राचा आदेश १८ मेपासून मागे घेतला गेला, आणि १२ जूनला देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने मालकांवर सक्तीची कारवाई नको, दोन्ही बाजूंनी बोलणी करून मिटवावे, असे सांगितले. बंद कारखान्याने पगार कुठून आणायचा हा लहान मालकांचा प्रश्न खोटा नव्हता. पण बोलणी करायला संघटना लागते, आणि कंत्राटदारामार्फत लागलेल्या माणसाच्या मागे ती नसते.

मग गणपती आले. २०२० ची चतुर्थी २२ ऑगस्टला होती. गावोगावच्या ग्रामपंचायतींनी चाकरमान्यांसाठी चौदा दिवसांच्या विलगीकरणाचे ठराव केले होते. राज्याने तो काळ दहा दिवसांवर आणला, १२ ऑगस्टपर्यंत गावी पोहोचा असे सांगितले, आणि त्यानंतर येणाऱ्यांना चाचणीची अट घातली. गावाची भीती रास्त होती. जिल्ह्यातली रुग्णालये तोकडी, घरात म्हातारी माणसे. पण दहा दिवस खोलीत किंवा शाळेत, आणि पुढे गौरी-गणपतीचे सात दिवस, हे सतरा दिवस कोणत्या खात्यातून आणायचे? दुकानात काम करणाऱ्याच्या हातात वर्षभराच्या मिळून आठ नैमित्तिक रजा, आणि २४० दिवस भरले असतील तरच वीस दिवसांमागे एक पगारी रजा. कारखान्यात २४० दिवस भरलेल्याच्या हातात बारा. प्रवास स्वखुशीचा, मग पगार कसला, असे मालक म्हणू शकत होता आणि नियमाच्या भाषेत ते बरोबरही होते. पण कोकणात गणपतीला घरी जाणे हे कोणी सहलीत मोजत नाही. दार उघडायला, दिवा लावायला घरात दुसरे कोणी नसते. ज्यांना परवडले त्यांनी खाडे सोसले. बाकीच्यांच्या घरची पूजा शेजाऱ्यांनी किंवा भाऊबंदांनी केली.

या सगळ्या गुंत्याचे सरळ उत्तर एकदाच कागदावर आले, आणि ते फारसे कोणाच्या लक्षातही राहिलेले नाही. एप्रिल २०२१ मध्ये राज्याने ‘ब्रेक द चेन’चे निर्बंध लावले. त्यात उत्पादन क्षेत्रासाठी म्हटले होते की बाधित कामगाराला वैद्यकीय रजा द्यावी, त्या कारणाने कामावरून काढू नये आणि बाधित झाला नसता तर जेवढा मिळाला असता तेवढा पूर्ण पगार द्यावा. आणि त्याच्या निकट संपर्कातल्या कामगारांचे विलगीकरण पगारासह करावे. व्याख्येतला ‘आणि’ ओलांडणारे हे एक वाक्य. उत्तर प्रदेशाने मार्च २०२० मध्येच बाधित आणि विलगीकरणात ठेवलेल्या कामगारांना २८ दिवसांची पगारी रजा जाहीर केली होती. महाराष्ट्राला वर्ष लागले, आणि तरतूद निर्बंधांच्या आदेशात असल्यामुळे निर्बंध उठताच तिचा आधारही गेला. केंद्राने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी मात्र जून २०२१ मध्ये आईवडील किंवा अवलंबून असलेले कोणी बाधित झाल्यास पंधरा दिवसांची विशेष नैमित्तिक रजा मान्य केली. म्हणजे बाधित नसलेल्या माणसालाही रजा देता येते, हे सरकारने स्वतःच्या कचेरीत मान्य केले होते.

यातले काहीही मिरकरवाड्याच्या किंवा हर्णैच्या जेटीपर्यंत पोहोचले नाही. नौकेवरचा खलाशी पगारावर असतो किंवा म्हावऱ्याच्या, म्हणजे मासळीच्या, वाट्यावर. हंगामाच्या तोंडाला उचल घेतलेली असते आणि हिशेब हंगाम संपताना होतो. नौका कारखान्यांच्या व्याख्येत येत नाही. एक खलाशी तापला तर सगळी नौका किनाऱ्याला, कारण तिथे अंतर राखायला जागाच नसते. जून-जुलैची ६१ दिवसांची मासेमारी बंदी आधीच बिनकमाईची. आंब्याच्या बागेत राखणीला आलेले नेपाळी गडी, पेट्या भरणाऱ्या बायका, काजू फोडणाऱ्या बायका यांचेही तेच. आंब्याचा हंगाम एप्रिल-मेचा, आणि दोन्ही वर्षी कडक निर्बंध नेमके त्याच महिन्यांत होते. या लोकांच्या मस्टरला रकानेच नसतात, बहुतेकांना मस्टरच नसते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता अमलात आल्या आहेत. पगारी रजेसाठी लागणारे २४० दिवस १८० वर आले, त्यामुळे आठ महिने चालणाऱ्या कामावरच्या माणसालाही ती मिळू शकेल. दहापेक्षा कमी माणसांच्या आस्थापनेला स्वखुशीने विम्यात येता येईल. आजाराची व्याख्या तीच राहिली आहे, उपचारांची अट आणि कामापासून दूर राहण्याची अट, मधल्या ‘आणि’सह.