तासभर नुसतं खेळतच होते? त्यामागची सव्वाशे वर्षं

मुलाला पहिल्यांदा मानसोपचारासाठी थेरपिस्टकडे नेलं की बाहेर पडताना आईबाबांचं एक वाक्य ठरलेलं असतं, अहो तासभर नुसतं खेळतच होते, विचारलं तर काहीच नाही. आणि मूल चौदा-पंधराचं असेल तर तक्रार उलटी, आम्हालाच बाहेर बसवलं आणि आत काय बोलणं झालं तेही सांगेनात. दोन्ही तक्रारी रास्त आहेत, पण आधी काय काय होऊन गेलंय ते माहीत असलं तर जरा कमी राग येतो. मला तर हा सगळा इतिहास म्हणजे खोलीत कोण बसणार ह्याचीच भांडणं वाटतात.

कारण सुरुवातीच्या सगळ्यात गाजलेल्या केसमध्ये मूल खोलीत नव्हतंच. व्हिएन्नामधला पाच वर्षांचाही न झालेला मुलगा, घोडा चावेल ह्या भीतीने घराबाहेर पडायला तयार नाही. मनोविश्लेषणाचा जनक सिग्मंड फ्रॉइड, त्याने ही केस १९०९ मध्ये छापली पण इलाज केला मुलाच्या वडिलांनी, म्हणजे ते घरी मुलाशी बोलायचे, सगळं टिपून ठेवायचे, फ्रॉइडला कळवायचे आणि तो त्यांना अर्थ लावून द्यायचा. ह्या अख्ख्या ट्रीटमेंटमध्ये फ्रॉइड मुलाशी समोरासमोर बोलला तो एकदाच, तेही वडील शेजारी असताना. पुढे १९२२ मध्ये तो मुलगा एकोणीस वर्षांचा होऊन त्याला भेटायला आला, चांगला ठणठणीत, आणि स्वतःचीच केस वाचली तर त्याला त्यातलं काही म्हणजे काही आठवेना!

तसं बघायला गेलं तर त्याच्याही आधी, १८९६ मध्ये, फिलाडेल्फियाच्या युनिव्हर्सिटीत लायटनर विटमर नावाच्या प्राध्यापकाकडे एक शिक्षिका चौदा वर्षांच्या मुलाला घेऊन आली होती. बाकी हुशार पण स्पेलिंग काही जमत नाही. विटमरने आधी डोळे तपासले, तर डोळ्यांतच दोष निघाला. मग चष्मा दिला आणि नंतर वाचायचा सराव. मला ही केस फार आवडते, कारण मन वगैरे खोदत बसण्याआधी मुलाला नीट दिसतंय का ते बघा, हा धडा पहिल्याच दिवशी मिळाला होता आणि चांगले थेरपिस्ट आजही आधी झोप, डोळे, कान, शाळा ह्याचीच चौकशी करतात.

खेळणी आली ती १९२० च्या दशकात. ती आणली मनोविश्लेषक मेलनी क्लाइनने, आधी बर्लिनमध्ये आणि १९२६ पासून लंडनमध्ये. तिचं म्हणणं असं की मोठी माणसं बोलतात तशी मुलं खेळतात, त्यामुळे खेळ हेच बोलणं. तिच्याकडे प्रत्येक मुलाला स्वतःचा एक ड्रॉवर असायचा, कुलूप लावलेला, आत लाकडाची छोटी छोटी माणसं, प्राणी, गाड्या, कागद, कात्री. दुसऱ्या मुलाने त्याला हात लावायचा नाही. विचार करा, ज्या मुलाची डायरी, कपाट, सगळं घरात कोणीही उघडतं त्याच्यासाठी ह्या कुलुपाचा अर्थ काय असेल. फक्त क्लाइन मुलाच्या खेळाचे जे अर्थ धाडधाड सांगायची ते वाचून मला अजूनही दचकायला होतं.

तिच्या अगदी उलट ॲना फ्रॉइड, फ्रॉइडची मुलगी आणि मुळात शाळेतली शिक्षिका. ती म्हणायची की मोठा माणूस स्वतःच्या पायांनी येतो, मुलाला कोणीतरी आणतं, त्याला स्वतःला काही त्रास होतोय असं वाटतही नसतं, मग आधी त्याला आपल्याशी बोलावंसं तरी वाटू दे. म्हणून एका मुलीसोबत बसून ती विणकाम करायची आणि हळूहळू त्या मुलीच्या सगळ्या बाहुल्यांना कपडे विणून झाले. हे काम नाही तर काय आहे? पहिले तीन-चार सेशन पत्ते आणि चित्रं ह्यातच गेले म्हणून कुरकुर करणाऱ्यांनी त्या बाहुल्या आठवाव्यात. ह्या दोघींच्या गटांमधला वाद मात्र इतका पेटला की दुसऱ्या महायुद्धात, लंडनवर हल्ले होत असतानाच्या काळातही ह्यांच्या मीटिंगा चालूच.

वाळूचा ट्रे बघितला असेल कुणी, त्यात मूल घरं, माणसं, प्राणी मांडत बसतं. तो मार्गारेट लोवेनफेल्डचा, तिने १९२८ मध्ये लंडनमध्ये क्लिनिक काढलं आणि वाळू अन् खेळण्यांचा डबा शेजारी ठेवले, तर मुलांनी आपणहून दोन्ही एकत्र करून अख्खं जग उभं करायला सुरुवात केली. त्यानंतर १९४७ मध्ये व्हर्जिनिया ॲक्सलाइन ह्या अमेरिकन थेरपिस्टने खेळातून करायच्या थेरपीचे नियमच लिहून काढले, मूल पुढे आणि थेरपिस्ट मागे, घाई करायची नाही, आणि मर्यादा घालायच्या त्या गरजेपुरत्याच. म्हणून थेरपिस्ट विचारत नाहीत, की हे काय काढलंस, नुसतं म्हणतात, तू इथे खूप काळा रंग लावलास.

ह्या सगळ्याला समांतर एक वेगळीच लाईन चालू होती, जिला अर्थाबिर्थाशी काही देणंघेणं नव्हतं. अमेरिकेत मेरी कव्हर जोन्सने १९२४ मध्ये पीटर नावाच्या जेमतेम तीन वर्षांच्या मुलाची केस छापली, जो सशाला घाबरायचा आणि फरच्या कोटाला आणि कापसालासुद्धा. पिंजऱ्यातला ससा आधी लांब ठेवला, पीटर आवडीचं खात असताना, मग रोज थोडा जवळ, मध्येमध्ये सशाला न घाबरणारी मुलंही सोबत खेळायला, आणि शेवटी हा पठ्ठ्या सशाला बोटं हळूच कुरतडू द्यायला लागला. आज कुत्र्याची, लिफ्टची किंवा वर्गात उभं राहून बोलायची भीती असलेल्या मुलाला थेरपिस्ट जी पायरी-पायरीची शिडी काढून देतात ना, ती तिथूनच आली, नंतर त्यात विचारांवरचं काम मिसळलं आणि त्याला सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी) म्हणायला लागले.

मग आला आईचा नंबर, आणि हा भाग जरा कडू आहे. जॉन बोल्बी ह्या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञाने १९५१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी रिपोर्ट लिहिला की लहान मुलाला जवळचं, कायमचं माणूस लागतंच, आणि पुढच्याच वर्षी त्याचा सहकारी जेम्स रॉबर्टसनने एका दोन वर्षांच्या मुलीवर फिल्म केली, हॉस्पिटलमध्ये आठ दिवस, आई फक्त भेटायला येणार. मुलगी फार रडत नाही, शहाण्यासारखी राहते आणि तेच बघवत नाही. त्या काळात बऱ्याच हॉस्पिटलांत आईबाबांना भेटायची परवानगी अगदी मोजकी असायची, कारण ते गेले की मुलं रडतात म्हणे! १९५९ मध्ये ब्रिटनमध्ये सरकारी कमिटीने भेटीवरची बंधनं काढा असं सांगितलं, त्यात ह्या कामाचा मोठा वाटा. पण ह्याच विचाराची वाईट बाजू म्हणजे मुलाला काही झालं की आईला धरा. ऑटिझम असलेल्या मुलांच्या आयांना तर थंड, फ्रिजसारख्या म्हणेपर्यंत मजल गेली. १९६४ मध्ये बर्नार्ड रिमलंडने, जो स्वतः अशाच एका मुलाचा बाप होता, हे मेंदूचं आणि शरीराचं आहे असं ठामपणे मांडलं, आणि लिओ कॅनर, ज्याच्या लिखाणातून हे थंडपणाचं खूळ सुरू झालं, त्याने १९६९ मध्ये पालकांच्या सभेत त्यांना दोषमुक्त केलं. इतक्या वर्षांनी. तोवर किती आया स्वतःला कोसत बसल्या असतील. आजचा थेरपिस्ट पहिल्याच भेटीत, कोणाची चूक हे शोधायला आपण बसलेलो नाही, असं म्हणतो ते उगीच गोड बोलायचं म्हणून नाही.

साठच्या दशकात साल्वादोर मिनुचिनसारख्यांनी अख्ख्या कुटुंबालाच आत घेतलं, कोण कोणाशेजारी बसतं, मुलाला विचारलं की उत्तर कोण देतं हे सगळं बघायला लागले. पुढे शीला आयबर्गने तर आईच्या कानात छोटा रिसीव्हर दिला, आई मुलाशी खेळतेय आणि थेरपिस्ट आरशाच्या काचेपलीकडून हळूच सांगतेय, आता कौतुक करा, आता लक्ष देऊ नका. आणि ऑस्ट्रेलियात मायकेल व्हाइट, कपड्यात शी होणाऱ्या मुलांसोबत काम करताना त्याने १९८४ मध्ये लिहिलं की त्या शीलाच एक चोरटं पात्र करायचं आणि मुलाला विचारायचं, ती तुला कधी फसवते, तू तिला कधी हरवलंस? मुलगा वाईट नाही, शी लबाड आहे. हसू येतं पण आई, बाबा आणि मुलगा तिघं एकदम एका टीममध्ये येतात, कारण भांडण आता त्या शीशी असतं.

टीनएजर मात्र ह्या सगळ्यात कायम अधेमधे राहिले, वाळूत खेळायला मोठे आणि मोठ्यांच्या खुर्चीत बसायला लहान. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्टॅनली हॉलने १९०४ मध्ये हे वय म्हणजे वादळच असं लिहून ठेवलं, आणि पुढे एरिक एरिक्सनने मी कोण हा प्रश्न ह्या वयाच्या मधोमध आणून ठेवला. पण खोलीचं दार त्यांच्या बाजूने बंद व्हायला कोर्ट लागलं. १९८५ मध्ये ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, गिलिक केसमध्ये सांगितलं की सोळाच्या आतल्या मुलालाही पुरेशी समज असेल तर ते आईबाबांशिवाय स्वतःच्या उपचारांना संमती देऊ शकतं, आणि संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात मुलाचं म्हणणं ऐकून घेणं हा हक्कच झाला. प्रत्येक देशाचा कायदा वेगळा आहे, पण पहिल्या सेशनचं बोलणं आता बरंचसं सारखंच असतं, की तू सांगशील ते इथेच राहील, फक्त तुझ्या किंवा कोणाच्या जिवाला धोका असला तर मला सांगावं लागेल, आणि तेही आधी तुला सांगून. पंधरा वर्षांच्या पोरांचा ह्यावर लगेच विश्वास बसत नाही. ती आधी एखादी फुटकळ गोष्ट सांगून बघतात, क्लासला दांडी मारली वगैरे, आणि मग आठवडाभर घरी आईच्या तोंडाकडे बघत राहतात, हिला कळलंय का.