मूल नेमके कशापाशी अडते, या प्रश्नाचा इतिहास

सर फिलिप हार्टोग यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९२९ साली ब्रिटिश हिंदुस्थानातील शिक्षणावर जो अहवाल दिला, त्यात एक साधा हिशेब आहे. १९२२-२३ मध्ये पहिलीत असलेल्या दर १०० मुलग्यांपैकी १९२५-२६ मध्ये चौथीत केवळ १८ जण शिकत होते. बाकीच्यांपैकी काहींनी शाळा अर्ध्यावर सोडली होती आणि काही एकाच इयत्तेत वर्षानुवर्षे बसून राहिले होते. डी.एड., बी.एड.च्या मराठी पुस्तकांत ‘गळती आणि स्थगिती’ म्हणून जी जोडी पाठ केली जाते, ती हीच. किती मुले अडली हे या आकड्याने सांगितले. कशामुळे अडली, हे शोधायला मात्र पुढची कित्येक दशके लागली आणि तो शोध अजून संपलेला नाही.

पहिले उत्तर मुलाच्या डोक्यात शोधले गेले. फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने आणि तेओदोर सिमाँ यांनी १९०५ साली बुद्धिमापनाची पहिली श्रेणी तयार केली, आणि १९३०च्या दशकात धारवाड येथे व्ही. व्ही. कामत यांनी कानडी व मराठी मुलांसाठी तिचे रूपांतर केले. ते काम कष्टाचे होते आणि पुढे अनेक वर्षे वापरात राहिले. बिनेचा मूळ हेतू वर्गात ज्यांना जास्तीची मदत लागेल अशी मुले ओळखण्याचा होता. बुद्धी ही न बदलणारी राशी आहे, या मताला त्याने स्वतःच कडाडून विरोध केला होता. तो हेतू व्यवहारात मागे पडला आणि ‘मूल मंद आहे’ हा शेरा शाळेला सोयीचा वाटू लागला, हे खेदाने नोंदवावे लागते. शेरा मारला की शाळेला स्वतःकडे पाहण्याची गरज उरत नाही.

उलट बाजूने विचार करणारे काम त्याच काळात बालशिक्षणात उभे राहत होते. गुजरातेतील बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्यासमवेत भावनगरला काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ तेथे त्यांच्या सहकारी झाल्या आणि १९५७ पासून हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीच्या सान्निध्यात चालले. मुले शाळेत येत नाहीत, याचे कारण येथे मुलांच्या दिनक्रमात सापडले. धाकट्या भावंडाला सांभाळायचे असते, म्हणून शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली गेली, तीच अंगणवाडी. गुरे चारायला जायचे असते, म्हणून गुरांमागे कुरणात गेलेली ती कुरणशाळा. विद्यापीठाच्या अर्थाने याला संशोधन म्हटले गेले नसेल, पण निरीक्षण करावे, अंदाज बांधावा, तो करून पाहावा आणि चुकला तर बदलावा, ही सगळी शिस्त त्यात होती.

शास्त्रज्ञांच्या पद्धतीने हाच प्रश्न हाती घेतला गेला तो १९७४ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या छत्राखाली होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र स्थापन झाल्यावर. संस्थापक संचालक डॉ. व्ही. जी. कुलकर्णी हे मूळचे भौतिकशास्त्रज्ञ. मुंबई महानगरपालिकेच्या शाळा आणि जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरातील ग्रामीण शाळा ही केंद्राची सुरुवातीची कार्यक्षेत्रे होती. विज्ञान नीट शिकवायचे, तर उपकरणे पुरवावी आणि शिक्षकांना प्रशिक्षण द्यावे, ही त्या काळातील रूढ समजूत होती. वर्गात प्रत्यक्ष बसून पाहिल्यावर मात्र कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना अडथळा वेगळ्याच जागी दिसू लागला, तो म्हणजे पाठ्यपुस्तकाच्या भाषेत.

ही गोष्ट मराठी वाचकाने विशेष लक्ष देऊन ऐकावी अशी आहे, कारण येथे परकी भाषा आड येत नव्हती. मुलांची मातृभाषा मराठी आणि पुस्तकही मराठीच होते. पण ‘उष्णता दिली असता धातू प्रसरण पावतो’ हे वाक्य ज्या घरात वर्तमानपत्र येते त्या घरातील मुलाला अर्धे ओळखीचे असते, आणि ज्या घरात छापील अक्षरच नसते तेथील मुलाला ते जवळजवळ परक्या भाषेइतके दूर असते. (हे उदाहरण माझे आहे, जुनी पुस्तके चाळली की अशी वाक्ये पानोपानी सापडतात.) केंद्राने आशय तोच ठेवून विज्ञानाचे पाठ सोप्या मराठीत लिहिले, ते काही वर्गांत शिकवले आणि इतर वर्गांशी तुलना केली. सोप्या भाषेत शिकलेल्या मुलांची कामगिरी सुधारली. शिवाय ती वर्गात बोलू लागली, प्रश्न विचारू लागली. माझ्या मते, महाराष्ट्रात झालेल्या शैक्षणिक संशोधनातील हा सर्वांत मोलाचा निष्कर्ष आहे आणि त्याच्या योग्यतेच्या मानाने तो फार थोड्यांना ठाऊक आहे.

१९८०च्या दशकात याच धाग्याने केंद्राने महापालिका शाळांतील अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसोबत आठवी ते दहावी अशी वर्षे काम केले. भाषेवर आणि पायाभूत संकल्पनांवर नियमित मेहनत घेतल्यावर त्यांचे शालान्त परीक्षेतील यश ठळकपणे वाढले. क्षमता होतीच, वाट अडलेली होती. पुढे कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या अर्थशास्त्रज्ञांनी उत्तर प्रदेशात सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरचे चक्रव्यूह सोडवायला देऊन अडथळ्याचे आणखी एक रूप दाखवले. जात उघड केली नाही तेव्हा दलित मुले उच्चवर्णीय मुलांच्या बरोबरीने कोडी सोडवत होती. सर्वांसमोर नावाबरोबर जात पुकारली की त्याच मुलांची कामगिरी घसरत होती.

दरम्यान इंग्लंडमध्ये लीड्स विद्यापीठातील रोझालिंड ड्रायव्हर आणि इतर अभ्यासकांनी, मूल वर्गात कोरी पाटी घेऊन येत नाही, हे दाखवून दिले होते. गती टिकण्यासाठी सतत बल लावावे लागते, अशा स्वतःच्या कल्पना मुलांजवळ आधीच असतात आणि शिकवलेले त्यांच्यावरून निथळून जाते. या ‘पर्यायी संकल्पनां’चा अभ्यास पुढे होमी भाभा केंद्रातही झाला.

शतकाच्या अखेरीस प्रश्न पुन्हा वाचनाच्या पायरीवर आला. मुंबईच्या वस्त्यांतून काम सुरू केलेल्या ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेने मागे पडलेल्या तिसरी-चौथीच्या मुलांसाठी वस्तीतल्याच तरुणींना ‘बालसखी’ म्हणून नेमले. मुंबई आणि वडोदरा येथे या उपक्रमाची यादृच्छिक चाचणी (बालसखी कोणाला मिळेल हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवून केलेली तुलना) झाली आणि अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो व सहकाऱ्यांनी २००७ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यानुसार गुण वाढले आणि सर्वाधिक लाभ सर्वांत मागे असलेल्यांना झाला. मूल जिथे आहे तिथून शिकवावे, वयावरून ठरलेल्या इयत्तेतून नव्हे, हे त्याचे सार. २००५ पासून ‘असर’ची (शिक्षणाच्या स्थितीच्या वार्षिक अहवालाची) पाहणी घरोघरी जाऊन मुलांना वाचायला लावते, २०२२ साली ग्रामीण भारतातील पाचवीच्या मुलांपैकी सुमारे ४३ टक्क्यांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. शाळा सुटण्याचे प्रमाण घटले, पण हार्टोगची स्थगिती वर्गात बसूनच चालू राहिली.

वाचनाच्या याच पायरीवरचा आणखी एक महत्त्वाचा अभ्यास पालघर जिल्ह्यातील वाडा आणि कर्नाटकातील यादगीर येथे झाला. संशोधकांनी तीन वर्षे त्याच मुलांचा मागोवा घेतला आणि २०१७ साली अहवाल आला. मूळाक्षरे आणि बाराखडी यांतच सुरुवातीचा बराच काळ जात होता, अर्थपूर्ण वाचनाला व बोलण्याला जागा नव्हती, घरची बोली वर्गात येत नव्हती, आणि अक्षरे ओळखणाऱ्या अनेक मुलांना शब्द लागत नव्हते, असे त्यात दिसून आले. ताराबाई-अनुताईंचे कोसबाड याच पालघर जिल्ह्यात आहे.